कुत्रा नसलेला पिक्चर

नाताळच्या पिक्चरांमध्ये कुणी भांडी घासत नाही. मुलगी कॉलेजात होती तेव्हा तिच्याबरोबर असे सात-आठ इंग्रजी पिक्चर मी पाहिले. वीस माणसं जेवतात, टेबलावर पन्नास तरी बशा असतात, मग सगळे उठून झाडाखालच्या भेटी उघडायला जातात आणि पुढच्या दृश्यात टेबल लख्ख. कुणी आवरलं, कधी आवरलं, उरलेलं अन्न कुठे गेलं? माझं लक्ष तिथेच अडकतं. मुलगी म्हणायची, आई, तू पिक्चर बघतेस की इन्स्पेक्शन करतेस?

एका पिक्चरमध्ये मात्र अकरा मिनिटं भांडी घासली जातात. मी घड्याळ लावून मोजली आहेत. तो पिक्चर पंचवीस डिसेंबरला दुपारी साडेतीनला समोरच्या घरी बघायचा, हे काम माझ्या डिसेंबरच्या यादीत गेली सोळा वर्षं आहे. गिझर तपासून घेणे, गाद्या उन्हात टाकणे, तिळगुळासाठी तीळ आणून ठेवणे आणि पिक्चर.

समोरचं घर सिस्टरांचं. आमची बिल्डिंग अंबरनाथ पूर्वेला, चार मजल्यांची, बिनलिफ्टची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि आमच्या दारासमोर त्यांचं दार. त्या मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. उल्हासनगरच्या एका प्रसूतिगृहात तीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. आता शहात्तर वर्षांच्या आहेत. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा पुण्यात. दिवाळीला माझ्याकडून फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं आणि नाताळला त्यांच्याकडून तसंच ताट येतं: करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि कडेला केकचा एक तुकडा. आमच्यापेक्षा त्यांच्या चकल्या खुसखुशीत असतात, हे मी त्यांच्यासमोर अजून कबूल केलेलं नाही.

पिक्चर त्यांनी आणला तो सीडीच्या काळात. उल्हासनगरला ड्युटीवरून निघताना ओळखीच्या एका सिंधी दुकानदाराकडे गेल्या आणि नाताळचा एखादा चांगला पिक्चर मागितला. या दुकानदाराच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं सिस्टरांच्या हातची. त्याने गल्ल्यामागून सीडी काढून दिली. "ले जाओ सिस्टर, एकदम साफ पिक्चर है, बच्चों के साथ देखो." कव्हरवर बर्फ, लाल टोपी घातलेली दोन मुलं आणि एक केसाळ कुत्रा. त्या नाताळला सिस्टरांनी मजल्यावरच्या सगळ्या पोरांना बोलावलं. पिक्चर सुरू झाला. एक म्हातारी बाई ओट्याशी उभी राहून बटाटे सोलत होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तरी ती आणि तिची मोठी झालेली मुलं स्वयंपाकघरातून बाहेर येईनात. पोरं "कुत्रा कधी येणार?" असं विचारून विचारून कंटाळली आणि करंज्या घेऊन पळाली. कव्हर एका पिक्चरचं आणि आत सीडी भलतीच. सुरुवातीची नावंही कापलेली. त्यामुळे या पिक्चरचं खरं नाव आम्हांला आजतागायत माहीत नाही. आम्ही त्याला कुत्र्याचा पिक्चर म्हणतो.

पोरं गेली आणि सिस्टर, त्यांचे यजमान आणि मी एवढेच उरलो. मी उठले नाही, कारण त्या पिक्चरमधल्या थोरल्या मुलीच्या हातात वही होती.

गोष्ट अगदी साधी. बर्फातलं जुनं घर, एकटी राहणारी आई, नाताळला आलेली तीन मुलं. पिक्चर सकाळी सुरू होतो आणि त्याच रात्री संपतो, सगळा स्वयंपाकघरात. थोरली मुलगी वहीत कामं लिहून आली आहे. कुणी बटाटे सोलायचे, कुणी खुर्च्या आणायच्या, भट्टी किती वाजता पेटवायची. वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक काम आहे: आईला सांगायचं की घर विकायचं ठरलं आहे आणि तिने शहरात यायचं आहे. ते सांगायची वेळ येते ती जेवणं झाल्यावर, भांडी घासताना. हीच ती अकरा मिनिटं. मुलगी घासते, आई पुसते. मुलगी घराचं सांगते. आई उत्तर देत नाही. मुलगी एक पुसलेला वाडगा फळीवर ठेवते, आई तो उचलून दुसऱ्या फळीवर ठेवते. असं तीनदा होतं. चौथ्या वेळी मुलगी भांडं हातात धरून थांबते आणि विचारते, हे कुठे ठेवू? आई बोट दाखवते. मग आई स्वयंपाकघराचा दिवा बंद करते आणि पिक्चर संपतो.

माझं इंग्रजी खरेदीच्या ऑर्डरींपुरतं. पहिल्या वर्षी निम्मं सिस्टरांनी समजावलं. पण ती वही समजायला भाषा लागत नव्हती. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आहे. माल कुठे आहे, किती आहे, कधी संपणार, हे चोवीस वर्षं सांगतेय. कामं आखणारी बाई पडद्यावर इतकी नीट दाखवलेली मी पाहिली नव्हती.

शेवटावरून आमचा वाद ठरलेला. मी म्हणायचे, आई शहरात गेली, दिवा बंद केला म्हणजे आवरलं. सिस्टर म्हणायच्या, रात्र झाली म्हणून दिवा घालवला, सकाळी उठून परत लावील. यजमान होते तोवर ते खुर्चीतल्या खुर्चीत डुलक्या घेत, जागे होऊन विचारत, "आला का कुत्रा?" सीडी प्लेअर बिघडला तेव्हा माझ्या मुलीने पिक्चर पेन ड्राइव्हवर घेऊन दिला. वाद तोच राहिला.

या वर्षी दिवाळीनंतर आठवड्याने सिस्टर न्हाणीघरात घसरल्या. उजवं मनगट मोडलं. पडल्या सकाळी सहाला आणि मला कळलं आठला, दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसली तेव्हा. दोन तास त्या आत फरशीवर बसून होत्या. माझ्याकडे किल्ली होती. दार उघडलं तर मला म्हणाल्या, "कोपराखाली उशी दे आणि घाबरू नको, फ्रॅक्चर साधं आहे." पेशंटला सांगावं तसं.

मुलगा त्याच दिवशी पुण्याहून आला. भला माणूस आहे. आईचे ते दोन तास त्याच्या डोक्यातून जाईनात. आठ दिवसांनी त्याने मला फोन केला. आईला कायमची पुण्याला न्यायची, घर विकायचं, घेणारं जोडपंही मिळालंय, सध्या चिखलोलीला भाड्याने राहतं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी टेम्पो येईल. "ताई, सामान काय न्यायचं, काय नाही, हे तुमच्याइतकं नीट कुणी करणार नाही." आईशी बोलणं झालंय का, हे मी विचारलं. झालंय, म्हणाला, ती काही बोलली नाही.

सिस्टर नाही म्हणाल्या नव्हत्या. मी ते हो धरलं.

आमच्याकडे कारखान्यात दरवर्षी स्टोअर्सची सफाई होते. प्रत्येक वस्तूवर रंगीत स्टिकर लागतो: हिरवा म्हणजे ठेवायचं, पिवळा म्हणजे विचारायचं, लाल म्हणजे काढून टाकायचं. मी तीच पद्धत घेऊन डिसेंबरचे दोन शनिवार समोरच्या घरी गेले. हिरवा पुण्याला, पिवळा मुलाला विचारून, लाल भंगारात. सिस्टर गळ्यात हात अडकवून खुर्चीवर बसल्या होत्या. मी कपाटं उघडत होते, त्या बघत होत्या.

"लाल म्हणजे काय गं?" एकदा एवढंच त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि डाव्या हाताने चहा टाकायला उठल्या.

लाल बऱ्याच गोष्टींना लागला. तुटक्या पायाचं स्टूल, जुने मिक्सर, यजमानांनी बांबूच्या कामट्यांची केलेली चांदणीची चौकट, जी दर नाताळला कागद लावून गॅलरीत टांगायचे. तिच्या दोन कामट्या मोडल्या होत्या. फराळाचा ॲल्युमिनियमचा मोठा डबा, पोचे पडलेला, झाकण वाकडं. पुण्याच्या मुलाच्या घरी कपाटात डबे आधीच भरपूर. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी मी वहीत लिहिलं, काम पूर्ण, सिस्टरांचं सहकार्य उत्तम. मुलाला फोन करून सांगितलं की सगळं तयार आहे.

पंचवीसला साडेतीनला मी नेहमीप्रमाणे गेले. प्लास्टर आठच दिवसांपूर्वी निघालं होतं, हात अजून बारीक दिसत होता. यंदा फराळ होणार नाही असं मी गृहीत धरलं होतं आणि माझ्याकडून चिवडा घेऊन गेले होते. सिस्टरांनी टीपॉयवर तो पोचे पडलेला डबा ठेवला. झाकणावर माझा लाल स्टिकर होता. आत करंज्या होत्या.

मी विचारलं, या हाताने कशा केल्या? तिसऱ्या मजल्यावरच्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई येऊन लाटून देत होत्या, सिस्टर म्हणाल्या, मी भरत होते. गॅलरीत बघितलं तर चांदणीही लागली होती, मोडक्या कामट्यांना चिकटपट्टी गुंडाळून. तिच्याही एका टोकाला लाल स्टिकर होता. त्यांनी एकही काढला नव्हता. टीव्हीवर हिरवा, खुर्चीवर पिवळा, त्या सगळ्या रंगांमध्ये आम्ही दोघी बसलो आणि पिक्चर लावला.

बटाटे, खुर्च्या, भट्टी. थोरलीची वही. सोळा वर्षं मी तिच्या बाजूने बघत आले. आईने वाडगा उचलून दुसऱ्या फळीवर ठेवला की मला नेहमी वाटायचं, बरोबर आहे, जिथली वस्तू तिथे हवी. यंदाही तो वाडगा उचलला गेला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग थोरली भांडं हातात धरून थांबली, हे कुठे ठेवू. मला दोन शनिवार आठवले. आठ-नऊ तास मी त्या घरात होते. प्रत्येक वस्तू हातात घेतली होती. कुठे ठेवू, असं एकदाही विचारलं नव्हतं. पिवळा स्टिकर विचारण्यासाठी होता आणि तोसुद्धा मुलाला विचारण्यासाठी.

आईने दिवा घालवला. सिस्टरांनी रिमोट खाली ठेवला.

"हं, बोल. गेली की राहिली?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

"सोळा वर्षं माहीत होतं की." त्यांनी माझ्याकडे न बघता डबा पुढे सरकवला. "तुझ्या स्टिकरांत एक रंग कमी आहे."

"कुठला?"

"इथेच राहणार, असा."

मी करंजी हातात घेऊन बसले. माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं: ते दोन तास, ती फरशी, मुलाची काळजी. त्यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. शेवटी मी विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत?

"माझा मुलगा रडत होता गं. रडणाऱ्या माणसाशी वाद घालत नाहीत, वॉर्डात पहिलं तेच शिकवतात. आणि तू तर हातात वही घेऊन आलीस." मग त्यांनी टीव्हीखालच्या कापडाखालून एक घडी घातलेला कागद काढला. "तुझ्या याद्या मी इतकी वर्षं वाचतेय. आज माझी वाच."

तो ड्युटी चार्ट होता. पट्टीने आखलेला, डाव्या हाताने, त्यामुळे रेघा थोड्या हललेल्या. वर सात वार, खाली सकाळ, दुपार, रात्र अशा ओळी. सकाळच्या ओळीत वारांखाली एकेका घराचं नाव. सव्वासातला दाराला दुधाची पिशवी तशीच दिसली तर त्या घरातल्या माणसाने बेल वाजवायची, उघडलं नाही तर किल्ली. एक किल्ली माझ्याकडे, एक तिसऱ्या मजल्यावर. दुपारी बाईंनी शाळेतून येताना हाक मारायची. रात्री फोन उशाशी, आणि न्हाणीघरात जाताना गळ्यात. खाली वेगळी यादी: न्हाणीघरात दोन दांडे, खरखरीत पायपुसणं, बसायला उंच स्टूल, तुटकं चालणार नाही. सगळ्यांशी त्या आधीच बोलल्या होत्या. कुणी नाही म्हटलं नव्हतं.

मंगळवार आणि शनिवार माझे होते. मी कागद दोनदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"बुधवार रिकामा आहे," मी म्हणाले.

"आहेच. मुद्दाम ठेवलाय. चूक सापडल्याशिवाय तू कुठला कागद हातात धरतेस?"

मी पेन काढून बुधवारी आमच्या ह्यांचं नाव घातलं. ते रोज सव्वासातला फिरायला निघतात, दारासमोरूनच जातात. त्यांना मी नंतर कळवलं.

मुलाला फोन करायचं काम मात्र माझं होतं. सगळं तयार आहे असं मीच सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी केला. मी सांगितलं की माझी चूक झाली, मी तुझ्या आईला न विचारता तिच्या घराची वाटणी केली, आणि तिला जायचं नाही. तो मग म्हणाला, "ताई, परत पडली आणि कुणी बघितलंच नाही, तर?"

खात्री मी देऊ शकत नाही, असं त्याला सरळ सांगितलं. मग त्याला चार्ट वाचून दाखवला, वारांसकट. बुधवार आला तेव्हा तो थोडा हसला. टेम्पो थांबवतो म्हणाला, घर घेणाऱ्यांना मात्र सध्या नुसतं थांबा सांगतो. येऊन स्वतः बघीन, मग ठरवीन.

तो नाताळनंतरच्या लगेचच्या रविवारी आला. आदल्या दिवशी मी उल्हासनगरच्या बाजारातून दांडे आणून ठेवले होते, स्टीलचे, भिंतीत घट्ट बसणारे. त्याने येताना ड्रिल मशीन आणलं होतं. चार्ट त्याने भिंतीशी उभं राहून वाचला, तिसऱ्या मजल्यावर जाऊन बाईंना भेटला, खाली येऊन माझ्याकडची किल्ली कुठे टांगलेली असते तेही बघितलं. मग न्हाणीघरात शिरला. सिस्टर दारात खुर्ची घेऊन बसल्या. मी बाहेर हातात दांडा धरून उभी होते. त्याने पेन्सिलीने भिंतीवर एक खूण केली, आईकडे बघितलं, खूण पुसली.

"आई, किती उंचीवर लावू?"

सिस्टरांनी उठून हात लांब केला आणि बोट ठेवलं.

ईस्टरपर्यंत बघू, असं ठरलं. त्यानंतर तो परत विचारणार आहे. विचारणार आहे हे मला बरं वाटतं. काय उत्तर मिळेल ते माहीत नाही. मनगट अजून पूर्ण वळत नाही, पाऊस आला की जिने ओले होतात, मी त्या दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. आत्तापर्यंत सव्वासातला पिशवी एकदाच तशीच दिसली, बुधवारीच. ह्यांनी बेल वाजवली तर सिस्टर दार उघडून म्हणाल्या, पिक्चरमधली आई एखाद्या दिवशी उशिरा उठत असेल की नाही? ह्यांना कसली आई ते कळलं नाही. फिरून आल्यावर मला विचारलं. मी सांगितलं, तो कुत्र्याचा पिक्चर. मग त्यांनी विचारलं, कुत्रा आला का त्यात शेवटी?

जानेवारीच्या पहिल्या रविवारी टेम्पो यायचा होता त्या दिवशी मी खोबरेल तेल आणि जुनं फडकं घेऊन समोर गेले. स्टिकर नखाने निघतात पण चिकट डाग राहतो. त्यावर तेल चोळून पाच मिनिटं ठेवलं की डाग पुसून जातो. कपाट, टीव्ही, खुर्ची, चांदणी. मोडकं स्टूल सिस्टरांनी स्वतःच बाहेर ठेवलं, मिक्सरही. फराळाचा डबा हातात घेतला तेव्हा मी थांबले.

"हा स्टिकर काढू का?" मी विचारलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सोसायटीत सगळ्यांचे डबे सारखे दिसतात. हा तरी माझा ओळखू येईल."